टेबल तेवढे क्लास: बिल रेंगाळतं, बाकी चुकते, तेव्हा काय काय तपासायचं

डेटाबेसवर चालणारं दूध संस्थेचं किंवा पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बिघडतं तेव्हाची ही गोष्ट. आधी लक्षणं सांगतो. यातली दोन जरी तुमच्याकडे दिसत असली तरी पुढचं वाचा.

- प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर दहा दिवसांचं दूध बिल डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघतं. संस्थेत बसवल्यावर त्यालाच पंचवीस सेकंद लागतात, आणि सभासद वाढले की वेळ त्याच पटीत वाढत जातो.
- डेटाबेस सांभाळणारा म्हणतो, स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसला विचारलेल्या हळू प्रश्नांची, म्हणजे क्वेरींची, यादी) रिकामा आहे. प्रोग्रॅमर म्हणतो, माझा कोड दहा ओळींचा आहे. दोघंही खरं बोलत असतात.
- एखाद्या सभासदाची उचल-बाकी मधूनच चुकते. कोणाची चुकेल ते सांगता येत नाही, आणि तेच पुन्हा करून बघितलं तर बरोबर येतं.
- स्क्रीनवरून भरलेल्या नोंदींना दर लागतो, एक्सेलमधून चढवलेल्यांना लागत नाही.
- जावा आणि हायबरनेट असेल तर ‘लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन’ (मागाहून आणायची माहिती आणताच येत नाही, अशी एरर) अधूनमधून उगवतं. कोणीतरी ते एका जागी बुजवतं, मग ते दुसरीकडे निघतं.

दूध संकलन केंद्रं, पतसंस्था, छोटे दवाखाने यांची सॉफ्टवेअर मी दुरुस्त करतो, आणि हे दुखणं मी इतक्या वेळा बघितलंय की फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकून ओळखू येतं. मूळ बहुतेक वेळा एकच असतं. डेटाबेसमध्ये जेवढी टेबलं तेवढे क्लास (कोडमधले साचे) केलेले असतात, टेबलातला रेकॉर्ड म्हणजेच मेमरीतला ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनलेली एक वस्तू) असं धरलेलं असतं, आणि सगळं काम, अगदी रिपोर्टसुद्धा, त्या ऑब्जेक्टमधूनच चालवलेलं असतं.

क्लास करणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण क्लास आणि टेबल ही दोन वेगळ्या घरांतली माणसं आहेत. क्लासची कल्पना नॉर्वेतल्या सिम्युला ६७ या भाषेतून आली. तिथे एखाद्या वस्तूची स्थिती आणि तिचं वागणं एकत्र बांधायचं होतं. रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडली. तिथे विचार एकेका वस्तूचा नाही, सबंध संचाचा आहे: प्रश्न संचाला विचारायचा, उत्तरही संच म्हणूनच घ्यायचं. हायबरनेट, जँगो, रेल्स ही मंडळी या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करतात, आणि चांगलं करतात. पण दुभाषा मध्ये आहे हे आपण विसरलो की वरची लक्षणं सुरू होतात.

उदाहरण एकच घेतो, म्हणजे धागा तुटणार नाही. एका गावातली दूध संस्था, सॉफ्टवेअर जँगोमध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस. ३१२ सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध, दर दहा दिवसांनी बिल. म्हणजे एका बिलाच्या मुदतीत एका वेळी एक धरली तर ६,२४० नोंदी. संगणकाच्या दृष्टीने हे काहीच नाही. तरी बिल पंचवीस सेकंद घेत होतं.

पहिली तपासणी: क्वेरी मोजा

याला पैसा लागत नाही आणि कोडही बदलावा लागत नाही. चाचणीच्या मशीनवर जँगोचा डीबग टूलबार लावा. हायबरनेट असेल तर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) दाखवायची सेटिंग चालू करा. मग एकच बिल काढा आणि किती क्वेरी गेल्या ते बघा. फक्त आकडा. वेळेकडे सध्या बघू नका.

त्या संस्थेत आकडा आला १२,४८१. एक क्वेरी नोंदी आणायची, मग प्रत्येक नोंदीमागे दोन: एक सभासदाचं नाव आणायला, एक दरपत्रक आणायला. लॉग वर सरकत होता आणि पडद्यावर तीच ओळ, तीच ओळ, शेवटचा नंबर तेवढा बदलत होता. सभासद क्रमांक ४१ तर वीस वेळा आणला गेला होता, कारण त्याच्या नोंदी वीस होत्या. ॲप्लिकेशन एका मशीनवर आणि डेटाबेस दुसऱ्यावर, म्हणून जाऊन-येऊन साधारण दोन मिलिसेकंद. १२,४८१ गुणिले दोन, झाले पंचवीस सेकंद.

ही मोजणी आधी करायची ती दोन कारणांनी. एक, यातली एकही क्वेरी हळू नाही, म्हणून स्लो क्वेरी लॉगमध्ये ती कधीच येत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर तो लॉग चालू केला तरी मर्यादा मुळात १० सेकंदांची असते. दोन मिलिसेकंदांच्या बारा हजार क्वेरी तिच्याखालून आरामात निघून जातात. दोन, प्रोग्रॅमरने पाच सभासद भरून चाचणी घेतलेली असते. १०० नोंदी, २०१ क्वेरी, डेटाबेस त्याच लॅपटॉपवर. तिथे हे जाणवायचं काही कारणच नाही. म्हणून मी भांडण मिटवायला आधी आकडा समोर ठेवतो. आकडा दिसला की प्रोग्रॅमर आणि डेटाबेसवाला एका बाजूला येतात.

आकडा दहाच्या आत असेल आणि तरीही बिल हळू असेल, तर तुमचं दुखणं वेगळं आहे. शेवटच्या भागाकडे जा.

दुसरी तपासणी: टिंब शोधा

क्वेरी कुठून निघतात? ‘नोंद.सभासद.नाव’ असं लिहिलं की मधलं टिंब नुसतं मेमरीत बघतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते डेटाबेसकडे जाऊन येतं. लूपच्या आत असलं टिंब असेल, तर लूप जितके फेरे मारेल तितक्या क्वेरी. टेम्प्लेटच्या (छापायच्या पानाच्या साच्याच्या) आतही बघा. निम्म्या वेळा ते तिथेच दडलेलं असतं. आणि क्लासमधल्या छोट्या मेथड्स नक्की उघडा. ‘नोंद.रक्कम()’ हे नाव निष्पाप दिसतं, पण आत ती दरपत्रक आणायला जात असते.

उपाय स्वस्त आहे. नोंदीला एकच सभासद असतो, तिथे ‘सिलेक्ट रिलेटेड’ लावा. जँगो जॉइन करून (दोन टेबलं जोडून) एकदाच सगळं आणतो. सभासदाच्या अनेक नोंदी हव्या असतील तिथे ‘प्रीफेच रिलेटेड’. तो दुसरी एक क्वेरी करून सगळ्यांच्या नोंदी एकत्र आणतो. एक सापळा मात्र लक्षात ठेवा: प्रीफेच करून आणलेल्या यादीवर लूपमध्ये पुन्हा ‘फिल्टर’ लावलात, तर आणलेलं सगळं वाया जातं आणि दर वेळी नवी क्वेरी जाते. हे मी दुरुस्त झालेल्या म्हणून दाखवलेल्या कोडमध्येही बघितलंय.

हायबरनेटमध्ये उलटा मोह होतो. लेझीचं एक्सेप्शन आलं की लोक सगळी नाती ‘ईगर’ (लागो न लागो, आधीच आणायची) करून टाकतात. त्या दिवशी एक्सेप्शन जातं, पण एक सभासद मागितला की त्याच्यासोबत नोंदी, कपाती, उचल, सगळी वरात येते. ज्या क्वेरीला जे लागतं तेवढंच तिथे ‘जॉइन फेच’ने मागा. आणि दोन याद्या एकाच जॉइनमध्ये ओढू नका. २० नोंदी आणि ६ कपाती असलेल्या सभासदाच्या १२० ओळी परत येतात, आणि त्यावर बेरीज केलीत तर दुधाचे लिटर सहापट दिसतील.

दहातल्या सहा-सात वेळा काम इथेच संपतं. बिल पंचवीस सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत येतं आणि लोक मला सोडायला फाट्यापर्यंत येतात. पण मी इथे थांबत नाही, कारण थांबलो तर वर्षभरात परत फोन येतो.

तिसरी तपासणी: इथे ऑब्जेक्ट हवाच आहे का?

आता खरा प्रश्न. बिलाच्या कागदावरची एक ओळ बघा: सभासदाचं नाव, एकूण लिटर, सरासरी फॅट, एकूण रक्कम, कपात, हाती रक्कम. हा कुठल्या टेबलातला रेकॉर्ड आहे? कुठल्याच नाही. हा प्रश्नाच्या उत्तराचा आकार आहे, आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराचा आकार वेगळा असतो. त्याला जबरदस्तीने ‘सभासद’ किंवा ‘नोंद’ या क्लासमध्ये बसवायला गेलं की निम्मे रकाने रिकामे असलेले ऑब्जेक्ट तयार होतात. मग पुढचा माणूस त्या रिकाम्या रकान्यावर भरवसा ठेवतो आणि फसतो.

म्हणून रिपोर्ट, बिलाची छपाई, डॅशबोर्ड, एक्सेलचा उतारा, या सगळ्यांसाठी मी क्लासला हात लावत नाही. बेरीज डेटाबेसलाच करू देतो, सभासदवार गट पाडून, आणि उत्तर साध्या ओळी म्हणून घेतो. जँगोत ‘व्हॅल्यूज’ आणि ‘ॲनोटेट’ त्यासाठीच आहेत. ६,२४० ऑब्जेक्ट मेमरीत आणून, लूप फिरवून, ३१२ बेरजा करायचं कारण नाही. डेटाबेस एका क्वेरीत ३१२ ओळी देतो.

हे करताना एक गोष्ट हाती लागते, ती वेगामुळे नव्हे तर नीट बघितल्यामुळे. त्या संस्थेत सरासरी फॅट काढायची मेथड नोंदींच्या फॅटची बेरीज करून नोंदींच्या संख्येने भागत होती. सकाळी ८ लिटर ४.० फॅटचं आणि संध्याकाळी २ लिटर ५.० फॅटचं, तर ती ४.५ सांगायची. खरी सरासरी लिटरच्या प्रमाणात काढायची, म्हणजे ३२ अधिक १० भागिले १०, ४.२. नोंद नावाचा ऑब्जेक्ट एकेकट्या नोंदीचा विचार करतो, म्हणून असं घडलं. एसक्यूएलमध्ये बेरीज लिहायला बसलो तेव्हा ‘कशाच्या प्रमाणात’ हा प्रश्न आपोआप पुढे आला.

मग क्लास कुठे हवा? जिथे एखादी गोष्ट नियमाने बदलते तिथे. ‘उचल मंजूर करणे’ घ्या. मागची बाकी बघायची, मागच्या बिलांवरून मर्यादा ठरवायची, ती ओलांडत असेल तर सचिवाची परवानगी मागायची, मग नोंद करायची. एका वेळी एक सभासद, आणि नियमांची गर्दी. इथे क्लास असलाच पाहिजे. हे नियम पाच स्क्रीनमध्ये विखुरले तर मी स्वतः आधी त्यांचा क्लास करीन. त्याच कोडमध्ये वीसेक क्लास मात्र असे होते ज्यांत टेबलाच्या रकान्यांपलीकडे काहीच नव्हतं, आणि नियम सगळे दुसरीकडे. जँगोला टेबल ओळखायला मॉडेल, म्हणजे त्या टेबलाचा क्लास, लागतं, ते असू द्या, पण ते तुमच्या कामाचं चित्र आहे असं समजू नका. गाव, बँकेची शाखा, मोजमापाचं एकक, ही साधी टेबलं आहेत आणि साधीच राहू द्यावीत.

चौथी तपासणी: शेवटी कोणी लिहिलं?

बाकी चुकण्याचं लक्षण असेल तर ही तपासणी टाळू नका. इथे प्रश्न पैशांचा आहे आणि तो ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्याच्या घरी जाऊन पोचतो.

घडतं असं. सकाळी १० वाजता बिल सुरू झालं. त्याने सगळे सभासद ऑब्जेक्ट म्हणून मेमरीत आणले. एका सभासदाची उचल-बाकी ५,००० होती. बाराव्या सेकंदाला शेजारच्या काउंटरवर त्याच सभासदाला आणखी २,००० उचल दिली. डेटाबेसमध्ये बाकी ७,००० झाली. पंचविसाव्या सेकंदाला बिलाने आपल्या हातातल्या जुन्या ऑब्जेक्टमधून १,५०० वजा केले आणि ३,५०० लिहून टाकले. खरी बाकी ५,५०० हवी होती. दोन हजार रुपये कुठेच नाहीत, ना एरर, ना लॉग. पुन्हा करून बघितलं तर बरोबर येतं, कारण त्या वेळी काउंटरवर कोणी नसतं.

मेमरीतला ऑब्जेक्ट म्हणजे घेतलेल्या क्षणाची झेरॉक्स. मूळ कागद तिकडे बदलला तरी झेरॉक्सला कळत नाही. त्यात जँगोचा ‘सेव्ह’ मुळात सगळे रकाने लिहितो, बदललेला एकच नव्हे; हायबरनेटसुद्धा सांगितलं नाही तर तसंच करतो. त्यामुळे याच रस्त्याने बदललेला फोन नंबरही जुन्यावर परत जाऊ शकतो.

तपासायला सोपं आहे. चाचणीच्या मशीनवर दोन खिडक्या उघडा, दोन्हीत तोच सभासद घ्या, एकीत बाकी बदलून सेव्ह करा, मग दुसरीत फक्त फोन नंबर बदलून सेव्ह करा. बाकी जुनी झाली, तर दुखणं सापडलं.

उपाय तीन पायऱ्यांचे. ‘सेव्ह’ला फक्त बदललेला रकाना सांगा. वजाबाकी मेमरीत न करता डेटाबेसलाच करायला लावा: ‘बाकी बरोबर बाकी वजा १,५००’, जँगोत त्याला ‘एफ’ एक्स्प्रेशन आहे. नियम तपासून मगच बदलायचं असेल, तर ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाही तर काहीच नाही, अशा व्यवहारात) ते रेकॉर्ड आधी लॉक करून घ्या किंवा आवृत्ती क्रमांकाचा एक रकाना ठेवा, म्हणजे जुनी झेरॉक्स घेऊन आलेल्याला परत पाठवता येतं.

माझ्या मते याहून चांगला मार्ग आपल्याकडे आधीपासून आहे. कीर्दीत कोणी आकडा खोडून नवा लिहीत नाही, नवी ओळ लिहितो. उचल दिली, एक ओळ. कपात केली, दुसरी ओळ. बाकी म्हणजे त्यांची बेरीज. बाकी हा रकानाच ठेवला नाही तर त्यावर कोणी चुकीचं लिहूही शकत नाही, आणि सभासद येऊन विचारतो ‘माझी बाकी इतकी कशी?’ तेव्हा त्याला ओळी दाखवता येतात.

पाचवी तपासणी: मागचं दार

एक्सेलच्या नोंदींना दर का लागला नाही? दर लावायचा नियम क्लासच्या ‘सेव्ह’ मेथडमध्ये होता, आणि एक्सेल चढवणारा कोड ‘बल्क क्रिएट’ वापरत होता. बल्क क्रिएट ती मेथड बोलावतच नाही. एकदम अनेक रेकॉर्ड बदलणारं ‘अपडेट’सुद्धा बोलावत नाही. शिवाय डेटाबेसला इतर दारं असतातच: कोणी थेट एसक्यूएल चालवतो, कोणी दुसरं जुनं सॉफ्टवेअर जोडलेलं असतं.

म्हणून जे कधीच मोडता कामा नये ते डेटाबेसमध्ये बांधा. दर रिकामा नको, लिटर शून्याहून जास्त हवेत, एका सभासदाची एका तारखेला एका वेळी एका प्रकारच्या दुधाची एकच नोंद. (‘प्रकार’ विसरू नका, गाय आणि म्हैस दोन्ही असलेल्या घराचं दूध पहिल्याच सकाळी अडकलं होतं.) मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती बघा: ८.०.१६ च्या आधी तो ‘चेक’ची अट निमूट वाचायचा आणि पाळायचा नाही. अट लिहिली आहे म्हणून निश्चिंत राहिलेली माणसं मला भेटली आहेत.

सहावी: वारसा

ही सगळ्यांत अवघड, म्हणून शेवटी. ‘व्यक्ती’ हा मूळ क्लास, त्याचे वारस ‘सभासद’, ‘कर्मचारी’, ‘संचालक’. कागदावर सुंदर दिसतं. पण गावात एकच माणूस सभासद असतो, संचालकही असतो, आणि निवडणूक झाली की संचालक राहत नाही. ऑब्जेक्ट सहसा आपला क्लास बदलत नाही; माणूस मात्र पदं बदलत राहतो. मग त्याच माणसाचे दोन-तीन रेकॉर्ड होतात आणि एकाची उचल दुसऱ्याला दिसत नाही. वारसा काढून ‘पद’ असं वेगळं टेबल करायचं, त्यात कधीपासून कधीपर्यंत हे दोन रकाने. नव्या कामात हे पहिल्या दिवशी करा. चालू डेटावर करायचं असेल तर खालचं आधी वाचा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बाकी खरोखर चुकलेली आहे हे कळलं, त्या क्षणी दुरुस्तीची स्क्रिप्ट लिहू नका. आधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का बघा, आणि संस्थेच्या लेखापरीक्षकाला सांगा. आकडे जुळवणं हे प्रोग्रॅमरचं एकट्याचं काम नाही.

क्वेरी दहाच्या आत आहेत आणि तरी हळू, तर डीबीए (डेटाबेस सांभाळणारा जाणकार) लागेल. त्याच्या आधी स्वतः ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघायला हरकत नाही, पण फक्त वाचणाऱ्या क्वेरीवर. ते क्वेरी खरोखर चालवतं. ‘डिलीट’पुढे लावलंत तर रेकॉर्ड जातील. पोस्टग्रेसमध्ये चालू टेबलावर साधा इंडेक्स (लवकर शोधायची सूची) टाकला तर तो होईपर्यंत लिहिणं अडतं. सकाळच्या संकलनाच्या वेळी हे झालं तर रांग रस्त्यावर जाते. त्यासाठी ‘कॉन्करंटली’ आहे, पण ते अर्धवट तुटलं तर मोडका इंडेक्स मागे राहतो, म्हणून पहिल्या वेळी जाणता माणूस शेजारी असावा.

लॉक लावल्यावर डेडलॉकच्या (दोन कामं एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसण्याच्या) एरर सुरू झाल्या, किंवा वारसा मोडून चालू डेटा हलवायचाय, तरीही थांबा.

तो माणूस येण्याआधी हे तयार ठेवा: एका बिलाच्या क्वेरींचा आकडा, ते बिल काढतानाच्या पाच मिनिटांचा लॉग, डेटाबेस आणि फ्रेमवर्कची नेमकी आवृत्ती, शेवटचा बॅकअप कधीचा. आणि बाकी चुकलेल्या एका सभासदाच्या मागच्या तीन बिलांचा हिशोब कागदावर हाताने केलेला. मी गेलो की सगळ्यात आधी तो कागद मागतो.